एरंडोल तालुक्यात दर वीस तासांनी

२०११ च्या जनगणनेत एरंडोल तालुक्याची लोकसंख्या १,६६,५२१ भरली. महाराष्ट्राचा जन्मदर अलीकडे हजारी १५ च्या आसपास राहिला आहे. तोच दर या तालुक्याला लावला, तर इथे वर्षाला अंदाजे २,५०० बाळं जन्मतात. त्यांची नोंद ठेवायला ग्रामपंचायतीचं रजिस्टर आहे, नगरपालिका आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. जी जन्मापर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचा हिशोब मात्र आपला आपण मांडावा लागतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये आपोआप होणाऱ्या गर्भपातावर एक लेखमाला छापली. लाखो गर्भारपणांची माहिती एकत्र करून तिच्यात निघालेली सरासरी होती १५.३ टक्के. पाळी चुकली, तपासणीत दिवस गेल्याचं कळलं आणि तरीही पुढे पोट पडलं, असं दर १०० पैकी १५ जणींचं होतं. ही माहिती मुख्यतः युरोप-अमेरिकेतली, म्हणून आपल्याकडचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. तरी तो धरून चाललं, तर २,५०० बाळं हाती यायला सुमारे २,९५० जणींना दिवस राहावे लागतात आणि त्यातल्या ४५० जणींचा गर्भ टिकत नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एरंडोल, कासोदा, रिंगणगाव, उत्राण, तळई आणि आसपासची सगळी खेडी मिळून दर वीस तासांच्या आत एका घरात हे घडतं. पूर्ण जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ४२,२९,९१७ होती. त्याच हिशोबाने जिल्ह्यात वर्षाला अकरा हजारांवर, दिवसाला एकतीसच्या आसपास.

जगाचा आकडा याच लेखमालेत आहे: वर्षाला २ कोटी ३० लाख, मिनिटाला ४४. जळगावहून एरंडोलला यायला एसटीला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात जगात दोन हजारांच्या आसपास गर्भ पडलेले असतात.

हे सगळे कळलेल्या गर्भारपणाचे आकडे. न कळलेल्यांची गोष्ट आणखी मोठी आहे.

अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये एक चिकाटीचं काम केलं. मूल व्हावं म्हणून नुकतीच साधनं वापरणं सोडलेल्या २२१ बायकांनी रोज सकाळची लघवी बाटलीत साठवून दिली. गर्भ रुजला की शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटची पट्टी तेच शोधते. विल्कॉक्स यांची चाचणी त्या पट्टीपेक्षा कितीतरी बारीक होती. तिच्यात १९८ गर्भधारणा सापडल्या, आणि त्यातल्या २२ टक्के गर्भधारणा बाईला किंवा डॉक्टरांना काही कळायच्या आतच संपल्या होत्या. कळल्यानंतर गेलेल्या त्यात मिळवल्या तर एकूण ३१ टक्के. रुजलेल्या दर शंभरातले एकतीस गर्भ गेले. हे १९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि पाठ्यपुस्तकांतले आकडे बदलले.

आपल्या तालुक्यावर हे प्रमाण मांडलं, तर त्याच २,५०० बाळांमागे आणखी सुमारे ८०० गर्भ असे, की ज्यांची चाहूलही कुणाला लागली नाही. पाळी चार-सहा दिवस उशिरा आली, जरा जास्त अंगावर गेली, बस. त्या दिवशीही बाई कापूस वेचायला गेली असेल.

याच नमुन्यांतून विल्कॉक्स यांनी १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट काढली. बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी बहुतेक गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजतात. टिकलेल्यांपैकी ८४ टक्के या तीन दिवसांतले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर जाण्याचं प्रमाण १३ टक्के. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत २६. अकराव्या दिवशी ५२. त्यानंतर रुजलेल्यांत ८२. अकराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाच्या उशिराने धोका दुप्पट होत जातो, आणि हे सारं पाळीची तारीख यायच्या आधी घडून गेलेलं असतं. त्या आठवड्यात कुणाला आपण गर्भार आहोत हे माहीतही नसतं, मग काळजी घेणार ती कशाची?

आता त्या १५ टक्क्यांकडे परत येऊ, कारण सर्वात मोठा गैरवापर त्याच आकड्याचा होतो. पंधरा टक्के हा पट्टीवर दोन रेषा उमटल्या त्या दिवसाचा आकडा आहे. तो पूर्ण गर्भारपणभर सोबत चालत नाही. दिवसागणिक तो उतरतो, आणि इतक्या वेगाने उतरतो की पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयात पहिल्या तपासणीला आलेल्या, कुठलाही त्रास नसलेल्या आणि सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसलेल्या ६९६ बायकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे पूर्ण झालेले असताना ठोके दिसले, तर पुढे गर्भ जाण्याचं प्रमाण ९.४ टक्के. सातव्या आठवड्याला ४.२. आठव्याला १.५. नवव्याला ०.५ आणि दहाव्याला ०.७. (शेवटच्या दोन आकड्यांतला फरक इतक्या थोड्या बायकांत अर्थाचा नाही.) सहा ते आठ या दोन आठवड्यांत धोका सहापट उतरला. नऊ आठवड्यांना, त्रास नाही आणि ठोके दिसताहेत, अशा बाईच्या बाबतीत शंभरातल्या नव्व्याण्णव जणींचा गर्भ पुढे टिकला. तिला कुणी ‘शंभरातल्या पंधरा जणींचं पडतं बरं का’ असं सांगत असेल, तर तो कित्येक आठवड्यांपूर्वीचा आकडा आहे आणि तिला तो लागू नाही.

आठवडे मोजायची रीत इथे लक्षात ठेवावी लागते. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. सहा आठवड्यांच्या गर्भाचं खरं वय चार आठवडे आणि लांबी चार-पाच मिलिमीटर. सात आठवड्यांना एक सेंटिमीटर, आठला दीडच्या थोडा वर, दहाला तीन, बाराला साडेपाचच्या जवळ. सहा आठवड्यांत बारापट. याच काळात आणखी एक मोठी हस्तांतराची घडामोड होते. सुरुवातीला गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आईच्या अंडाशयातून येतं. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान ते काम वार आपल्याकडे घेते. वारेने जम बसवला की गर्भाच्या पायाखालची जमीन पक्की होते.

खानदेशातल्या कुणालाही हा उतार समजावून सांगायला एक झाड पुरेसं आहे. कपाशीला लागलेल्या पात्यांपैकी आणि कोवळ्या बोंडांपैकी निम्म्याहून जास्त गळून जातात, पाणी-खत वेळेवर मिळालं तरी. फूल उमलल्यानंतरचे पहिले दहा-बारा दिवस गळीचे. बोंड एकदा दोन आठवड्यांचं झालं की ते सहसा गळत नाही. पातेगळ पाहून शेतकरी फवारणीचा विचार करतो, आभाळाकडे पाहतो. पण काही गळ झाडाच्या स्वभावातलीच आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सुनेच्या बाबतीत त्याच घरातलं हे शहाणपण कुठे जातं, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

गर्भ जातो तो कशाने? पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांची गुणसूत्रं तपासली, तर निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत मोजणीच चुकलेली आढळते. आईकडून २३, बापाकडून २३, एकूण ४६ हा हिशोब. त्यात एक जास्त आलं किंवा कमी पडलं, की बहुतेक वेळा वाढ पुढे जात नाही. सोळाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं, ही एक गुणसूत्र जास्त येण्याच्या चुकांतली सर्वात नेहमी आढळणारी. पेशीपेशीत ही चूक असलेलं बाळ जन्मापर्यंत पोहोचत नाही. एकच एक्स गुणसूत्र असलेले गर्भ घ्या: त्यातले शंभरात सुमारे नव्व्याण्णव गर्भातच संपतात, आणि जी एखादी मुलगी जन्मते ती टर्नर सिंड्रोम घेऊन जगते. ही मोजणी फलनाच्या वेळी किंवा त्याच्याही आधी चुकलेली असते. तिच्यावर विश्रांतीचा, खाण्याचा, चालण्याचा काहीही इलाज चालत नाही.

त्याच्याही आधी म्हणजे किती आधी? मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्मताना १० ते २० लाख उरतात. न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे-पाचशे सुटतात. प्रत्येक बीजाने गुणसूत्रं वाटण्याचं काम मुलीच्या जन्माआधी सुरू केलेलं असतं आणि मध्येच थांबवलेलं असतं. ते पुन्हा सुरू होतं बीज सुटताना, आणि पुरं होतं फलनाच्या वेळी. पंचविशीतल्या बाईचं बीज पंचवीस वर्षं तसं थांबलेलं, चाळिशीतल्या बाईचं चाळीस. आणि ज्या बीजापासून आज एरंडोलमध्ये कुणाचं बाळ होतं आहे, ते बीज त्या बाळाच्या आजीच्या पोटात तयार झालं होतं.

म्हणून वयाचा आकडा इतका बोलका आहे. नॉर्वेत २००९ ते २०१३ मधल्या ४,२१,२०१ गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पंचवीस ते एकोणतीस या वयात गर्भ जाण्याचं प्रमाण १० टक्के, सर्वात कमी. तिशीनंतर ते चढत जातं आणि पंचेचाळिशीपुढे ५३ टक्क्यांवर पोहोचतं. विशीच्या आतल्या मुलींतही पंचविशीतल्या बायकांपेक्षा ते जास्त असतं, आणि आपल्या भागात हे टोक विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या होत्या. धुळे जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. बापाचं वय चाळिशीपुढे असेल तरी धोका वाढतो, हेही ‘लॅन्सेट’च्या मालेत आहे. नवऱ्याचं वय मात्र अशा वेळी कुणी विचारत नाही.

विचारलं जातं ते हे: जिना किती वेळा चढलीस, हंडा का उचललास, हायवेच्या खड्ड्यांतून मोटारसायकलवर माहेरी कशाला गेलीस, पपई खाल्लीस का. पपईचंच घ्या, कारण शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात ती एकरच्या एकर पिकते. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात हे प्रयोगात दिसलं आहे. पिकल्या पपईने तसं काही झालं नाही. कच्ची टाळावी हे ठीक. पिकल्या पपईच्या दोन फोडींनी पोट पडत नाही.

आणि हंडा-मोटारसायकलीला उत्तर वेळेच्या हिशोबात आहे. दहाव्या आठवड्याला सोनोग्राफीत ‘ठोके नाहीत’ असं कळतं, तेव्हा डॉक्टर गर्भाची लांबी मोजतात. ती बहुधा सात-आठ आठवड्यांएवढीच असते. वाढ दोन-तीन आठवड्यांपूर्वीच थांबलेली, शरीराला ते कळायला आणि रक्तस्राव सुरू व्हायला मध्ये एवढा वेळ गेलेला. कालचा हंडा तेव्हा कुठेच नव्हता. मला वाटतं, हे एक वाक्य सोनोग्राफीच्या खोलीतच, सासू आणि नवरा समोर असताना डॉक्टरांनी स्वतःहून म्हणावं. सुनेने नंतर घरी जाऊन सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

सोनोग्राफीबद्दल आणखी एक, कारण घाईने इथे नुकसान होऊ शकतं. पूर्वी गर्भ ५ मिलिमीटरचा असून ठोके नसले, तर गर्भ गेला असं ठरवत. मोजण्यातली चूक आणि तारखांचा घोळ लक्षात घेऊन २०११ नंतर ही रेषा ७ मिलिमीटरवर नेली गेली. गर्भाची पिशवी रिकामी दिसत असेल तर तिची सरासरी रुंदी २५ मिलिमीटर होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. गर्भाच्या लांबीतला पाच आणि सात मिलिमीटरमधला फरक, म्हणजे दोन दिवसांची वाढ. शंका असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचं. पाळी अनियमित असलेल्या बाईची तारीखच आठवडाभर पुढेमागे असू शकते, म्हणून ‘आज ठोके दिसत नाहीत, साफ करून घ्या’ असं पहिल्याच भेटीत, पाच मिलिमीटरच्या गर्भाबद्दल कुणी म्हणालं, तर दुसऱ्या तपासणीची तारीख मागण्याचा हक्क तिला आहे. याला एक अपवाद. शंभरातले एक-दोन गर्भ नळीत रुजतात. पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, घेरी, किंवा तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव असेल तर वाट पाहायची नसते. त्याच घटकेला १०८ ला फोन करायचा.

आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही अशी रीत आहे. तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरओटी भरायची, आणि गाजावाजा पाचव्या-सातव्याचा. ही रीत ज्यांनी पाडली त्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, पण उताराची त्यांची जाण अचूक होती. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनीही चौथ्या महिन्यापर्यंतचं जाणं वेगळं आणि पाचव्या-सहाव्यातलं वेगळं धरलं आहे. पण या मौनाची किंमत आहे. गर्भ जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते त्याच आठवड्यांत बाई एकटी असते. तिच्या गल्लीत, तिच्या बचत गटात हे किती जणींना झालं आहे हे तिला ठाऊक नसतं. कारण त्यांनीही सांगितलं नव्हतं. जगातल्या बायकांपैकी १०.८ टक्के आयुष्यात एकदा यातून गेलेल्या असतात, १.९ टक्के दोनदा, ०.७ टक्के तीनदा किंवा जास्त. एकदाच्या जोडीला दोनदा-तीनदाच्याही धरल्या, तर पंधरा जणींच्या भिशीत सरासरी दोन निघतील.

सरकारी मोजणीतही हेच मौन उतरतं. पाचव्या सर्वेक्षणात बायकांना मागच्या पाच वर्षांतली गर्भारपणं विचारली, तेव्हा आपोआप पडलेल्या गर्भांचं प्रमाण देशभरात ७ टक्के निघालं. पंधराच्या निम्म्याहून कमी. उरलेले गेले कुठे? काही आठवणीत राहिले नाहीत, काही पाळीच्या उशिरात जमा झाले, काही सांगितले गेले नाहीत. आशाताईंच्या वहीत नाव चढायचं ते बारा आठवड्यांच्या आत असं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या आयांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास. पण बाराव्या आठवड्याला नाव चढलं, तर जाणाऱ्यांपैकी बहुतेक गर्भ त्याआधीच गेलेले असतात. एरंडोलच्या त्या ४५० पैकी किती वहीत असतील? जळगाव जिल्ह्यात तर बोलायला आणखी एक भय आडवं येतं. २०११ मध्ये इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. दोन मुलींनंतर चौथ्या महिन्यात एखादीचं आपोआप पडलं, तरी गाव वेगळ्याच नजरेने पाहतं. खरं दुःख तिला दोनदा गिळावं लागतं.

टाळता येण्यासारखं काहीच नाही, असं मात्र नाही. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. तमिळनाडूत शेतात, वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांत राबणाऱ्यांसह ८०० गर्भवती कामकरी बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त उष्णतेत काम करणाऱ्यांत गर्भ जाण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. दक्षिण आशियात मर्यादेपलीकडे गेलेल्या धुळकट हवेशी वर्षाला साडेतीन लाखांच्या जवळपास गर्भहानी जोडली गेली आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातला सिकलसेल, तंबाखू, ताब्यात नसलेली साखर, थायरॉइड, ही यादी आहेच.

बारा आठवड्यांनंतर उतार सपाट होतो. बारा ते चोवीस आठवड्यांच्या काळात जाणारे गर्भ शंभरात एक-दोन. त्यात गर्भाशयाचं तोंड अवेळी उघडणं आणि संसर्ग ही कारणं मोठी, आणि पहिल्यावर टाका घालता येतो. त्यापुढे अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मृत जन्म. २०१९ मध्ये भारतात हजार जन्मांमागे सुमारे १४, म्हणजे वर्षाला ३ लाख ४० हजारांच्या आसपास. ही संख्या जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. आणि इथे आलेख पुन्हा वर वळतो. दीड कोटी गर्भारपणांची माहिती एकत्र केलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात सदतिसाव्या आठवड्याला मृत जन्माचा धोका हजारी ०.११ होता, बेचाळिसाव्याला हजारी ३.१८. पाच आठवड्यांत जवळपास एकोणतीसपट. तारीख उलटून गेल्यावर डॉक्टर कळा आणायचा आग्रह धरतात तो या चढामुळे.

जगभरातले चाळीस टक्क्यांहून जास्त मृत जन्म बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यानंतर होतात. बाळ तोपर्यंत जिवंत असतं. वेळेवर मोजलेला रक्तदाब, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष, तयार असलेली शस्त्रक्रियेची खोली आणि वेळेत आलेली गाडी, एवढ्यावर त्यातली पुष्कळशी वाचतात. आणि नेमकी इथे आपली रीत उलटी चालते. दुसऱ्या महिन्यात पोट पडलं, जे कुणाच्याच हातात नव्हतं, त्याचा जाब सुनेला विचारतात. नवव्या महिन्यात बाळ गेलं, जिथे जाब विचारायला जागा आहे, तिथे ‘नशीब’ म्हणून सगळे गप्प बसतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं, दोन्ही बाजूंनी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून सुरू आहे. त्या दिवशी डॉक्टर हजर होते का, शेवटच्या महिन्यात रक्तदाब किती वेळा घेतला, रात्री गाडी किती वेळात आली, हे प्रश्न ग्रामसभेत विचारायचे आहेत.

पहिल्या तीन महिन्यांत लाल डाग दिसला की घर हादरतं. ब्रिटनमधल्या ४८ रुग्णालयांत अशा रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायकांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये छापून आली. निम्म्या जणींना प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषध घेतलेल्यांत ७५ टक्के बायकांना चौतीस आठवड्यांनंतर जिवंत बाळ झालं. औषध न मिळालेल्यांत ७२. फायदा दिसला तो प्रामुख्याने आधी गर्भ गेलेल्यांना. तीन किंवा जास्त वेळा गेलेल्यांत ७२ विरुद्ध ५७. हातात काही औषध नसताना, रक्त गेल्यावरही, शंभरात बहात्तर बाळं सुखरूप आली, हा आकडा मला त्या सगळ्या तक्त्यातला सर्वात मोलाचा वाटतो. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, याला मात्र पुरावा सापडलेला नाही; कामावरची मजुरी बुडवून महिनाभर निजवून ठेवलेल्या बायकांना हे सांगायला हवं.

गर्भ गेल्यानंतरच्या विश्रांतीची गोष्ट वेगळी, ती शरीराला हवीच असते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने पोट पडलेल्या बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. कारखान्यातल्या, कार्यालयातल्या बाईला. दिवसाच्या रोजावर कापूस वेचणारी, केळीचे घड वाहणारी बाई त्या कायद्याच्या बाहेर राहिली, आणि या जिल्ह्यात तीच संख्येने जास्त आहे.

पुन्हा दिवस राहू द्यायचे कधी? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सहा महिने थांबायचा सल्ला दिला होता. त्यानंतर स्कॉटलंडमधल्या ३०,९३७ बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिला गर्भ गेल्यावर सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्यांत दुसरा गर्भ जाण्याचं प्रमाण थांबलेल्यांपेक्षा कमी निघालं. अंगात रक्त भरून आलं, मन तयार झालं, की तिने ठरवावं. आधी कधीच न गेलेल्यांत पुढचा गर्भ जाण्याचा धोका ११ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि प्रत्येक गेलेल्या गर्भामागे तो शंभरात साधारण दहाने वाढतो. दोनदा झालं की तपासण्या करून घ्याव्यात: थायरॉइड, रक्त गोठण्याचा दोष, गर्भाशयाचा आकार, नवरा-बायको दोघांची गुणसूत्रं. दोघांची. तीन किंवा त्याहून जास्त गर्भ गेलेल्यांत हा धोका ४२ टक्क्यांपर्यंत जातो, आणि तिथेही पुढच्या वेळी शंभरातल्या अठ्ठावन्न जणींचा गर्भ टिकतो.